उंबरठ्याच्या आत

खासगी हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. पेशवाईत खासगी म्हणजे धन्याचे स्वतःचे. दौलतीच्या जमाखर्चापासून निराळा ठेवलेला त्याचा खर्चवेच, त्याची कोठी, त्याचे बाग. हा कारभार पाहणारे ते खासगीवाले, आणि पुण्यातील एका नामांकित घराण्याचे ते आडनावच होऊन बसले. होळकरांकडेही खासगीची जहागीर दौलतीहून वेगळी मानली जाई. म्हणजे खासगी असणे हा मोठ्यांचा मान होता. कुळाच्या झोपडीत खासगी असे काही असू शकते, हे कागदोपत्री येण्याचे कारणच नव्हते.

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो इंटरनेटवरील खासगीपणाच्या रक्षणाचा. आम्ही यंत्रविद्येतले जाणकार नव्हे. फोनला कुलूप कोणते लावावे आणि परवलीचा शब्द किती अक्षरांचा असावा, हे आमच्याहून चांगले सांगणारी मुले आज वसई-विरारच्या प्रत्येक घरात आहेत. परंतु इतिहास वाचणाऱ्यास एक गोष्ट चटकन दिसते. हा तंटा इंटरनेटबरोबर जन्मास आलेला नाही. आपल्याच गावांतून तो पूर्वी अनेकदा लढला गेला आहे, मात्र तेव्हा तो घरासंबंधी होता. म्हणून आधी घरांविषयी बोलू आणि मग फोनकडे वळू.

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. खासगीपणा ही पाश्चात्त्यांची चैन आहे, आपल्याकडे एका खोलीत आठ माणसे नांदतात, आपल्याला त्याचे काय, असे पुष्कळ लोक म्हणतात. चाळीत वाढलेल्या माणसाने असे म्हटले तर त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण आपल्या जुन्या घराची रचना आठवून पाहा. अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. वाटसरू अंगणात थांबे, व्यवहाराचा माणूस ओटीवर टेके, सोयरा माजघरापर्यंत येई, आणि स्वयंपाकघरात कोणी जावे याचे नियम तर घरोघर कडक. या नियमांत जातिभेदाचा मोठा भाग होता, आणि त्याचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. तरीही कोणाला कोठवर येऊ द्यायचे हे घरच्यांनी ठरवायचे, ही समजूत आपल्याकडे कोणी बाहेरून आणून दिलेली नाही.

ती समजूत राज्यकर्त्यांनी मोडल्याचा एक दाखला वसईच्या इतिहासाला अगदी लागून आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली, तिचा अंमल या उत्तरेच्या मुलखावरही होता, आणि तिचा प्रतिनिधी वसईस असे. या न्यायपीठाने १७३६ च्या एप्रिलमध्ये एक लांबलचक आज्ञापत्र काढले. ते मुख्यतः गोव्याच्या मुलखातील ख्रिस्ती झालेल्या घरांसाठी होते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली या विषयावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्यात ते वाचावयास मिळते. दारात तुळस लावू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, नेसणे अमुक तऱ्हेचे असू नये. एवढ्यावर न थांबता हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, असेही त्यात आहे. भातात मीठ पडले की नाही हे सरकारला कळणार कसे? शेजाऱ्याने, गड्याने किंवा घरच्याच माणसाने सांगितले तरच. म्हणजे हुकूम भाताविषयी असला तरी त्याची खरी मदार चुगलीवर होती. ज्यांच्यावर ही आज्ञा चालणार होती ते लोक राज्यकर्त्यांच्याच धर्माचे होते, हेही ध्यानात ठेवावे. पुढे तीन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ती कथा या मातीत सर्वांस पाठ आहे, तेव्हा तिचा विस्तार करीत नाही.

आता पुण्याकडे जाऊ, कारण मराठी माणसाच्या उंबरठ्यावरचा सर्वांत मोठा तंटा तेथे झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढील वर्षी ४ फेब्रुवारीस सरकारने साथरोगांचा कायदा केला. हा कायदा वाचण्यासारखा आहे, आणि वाचण्यास वेळही लागत नाही, कारण त्याची कलमे अवघी चार होती. सरकारला योग्य वाटतील ते नियम करता येतील, ते मोडणाऱ्यास शिक्षा होईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढे त्याचे सार. घरात शिरण्यापूर्वी काय करावे, कोणाला विचारावे, कशाची नोंद ठेवावी, यासंबंधी त्यात अक्षर नव्हते.

या कायद्याच्या बळावर मार्चमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती पुण्याचा बंदोबस्त आला. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरे तपासू लागल्या. रोगी असो वा नसो, दारे उघडावी लागत. स्वयंपाकघर आणि देवघर यांत बुटांनिशी पावले गेली, सामान रस्त्यावर आले, काही ठिकाणी जाळलेही गेले. स्त्रियांच्या तपासणीविषयी तक्रारी उठल्या. टिळकांनी केसरीतून या जुलमावर टीका केली, मात्र प्लेग खोटा आहे असे ते म्हणाले नाहीत. ते गावात राहिले आणि रुग्णालयाच्या कामातही पडले. रोग खरा होता, माणसे पटापट मरत होती, आणि तपासणीचा हेतूही सर्वस्वी वाईट नव्हता. तरीही २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, आणि ३ जुलैस तो मरण पावला. गोळीचे समर्थन करण्याचे आमच्या मनात नाही. पण शाळेच्या पुस्तकातून ही हकीकत केवळ गोळीपुरती उरली आहे, आणि तिच्या मागची दारे विसरली गेली आहेत.

त्या दारांमागची एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते, आणि ती गोळीची नसून गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून त्यांना पत्रे गेली. त्यांत सोजिरांनी स्त्रियांची विटंबना केल्याचे लिहिले होते. पंडिता रमाबाईंनीही मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी तक्रार केली होती. या आधारावर गोखल्यांनी तेथील वृत्तपत्रात आरोप प्रसिद्ध केले. पार्लमेंटात प्रश्न झाले, मुंबई सरकारने आरोप नाकारले, आणि पुरावा द्या असे गोखल्यांना म्हटले गेले. ते परत आले तेव्हा पुरावा उभा राहीना. ज्यांनी पत्रे लिहिली होती ते पुढे यावयास तयार नव्हते, आणि त्यांची नावे फोडणे गोखल्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी सरकारची आणि सैनिकांची जाहीर माफी मागितली. पुढे कित्येक वर्षे ही माफी त्यांना चिकटून राहिली.

गोखल्यांची चूक झाली असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आमच्या मते अडचण त्यांच्या स्वभावात नव्हती, दुखण्याच्या जातीतच होती. चोरी झाली तर माणूस ओरडतो, पंचनामा करवून घेतो, गेलेल्या भांड्यांची यादी देतो. पण ज्याचे माजघर चव्हाट्यावर आले त्याने तक्रार करावयाची म्हणजे तेच माजघर पुन्हा एकदा चव्हाट्यावर मांडावयाचे. पुण्याच्या त्या स्त्रियांना न्याय मिळण्यासाठी आधी स्वतःचे नाव द्यावे लागणार होते. त्यांनी दिले नाही. ज्या कायद्यात नुकसान झाल्यावर पुरावा आणा एवढाच उपाय असतो, तो अशा माणसांच्या कामाचा नसतो. आत शिरण्यापूर्वीच कोणी हुकूम दिला, कशासाठी दिला आणि किती काळापुरता दिला, हे लिहून ठेवावे लागेल अशी तजवीज हवी. १८९७ च्या चार कलमांत नेमकी तीच नव्हती.

स्वराज्यात ती झाली काय? होण्याच्या बेतात होती. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे असे स्पष्ट कलम होते. कन्हैयालाल मुनशींच्या मसुद्यात घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे दोन्ही हक्क होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या कायदेपंडितांना वाटले की याने गुन्ह्यांचा तपास अडेल, आणि सल्लागार समितीत ती कलमे गळाली. पुन्हा ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयीची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. त्यांचे म्हणणे असे की ही तरतूद फौजदारी संहितेत आहे खरी, परंतु विधिमंडळाला ती सहज बदलता येऊ नये म्हणून घटनेत असलेली बरी. इतके होऊनही मतदानात दुरुस्ती पडली. नव्या राज्याला दंगे आणि फाळणी यांनी घेरले होते, हे खरे. पण त्या दिवशी जे राहून गेले, ते पुरे होण्यास अडुसष्ट वर्षे आणि काही महिने लागले.

मधल्या काळातील न्यायालयीन निर्णयांचा पसारा मोठा आहे. त्यांतले दोनच येथे घेतो. उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप आला, पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली आणि रात्रीबेरात्री त्याच्या दारावर थाप पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या डिसेंबरात रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरविल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे असेही सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र निराळे मत लिहिले. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे या जाणिवेनेच माणसाचे स्वातंत्र्य आखडते, असा त्याचा आशय होता. दुसरा निर्णय आपल्या शेजारच्या भिवंडीचा. १९६५ साली तेथील एक पोलीस निरीक्षक गणवेशात एका स्त्रीच्या घरी शिरला आणि त्याने तिच्याकडे शरीरसुखाची मागणी केली. तिने विरोध केला, खात्याची चौकशी झाली, तो बडतर्फ झाला. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा तिचीच चालचलणूक उकरली गेली, आणि अशा बाईच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवावी, असा प्रश्न आला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. तिचे आयुष्य कसेही असो, तिच्या घरात तिच्या मर्जीविरुद्ध शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे न्यायालयाने म्हटले. पंचवीस वर्षे लागली. या बाईने तोंड उघडले होते, आणि त्याची किंमत म्हणून तिला स्वतःचे सारे आयुष्य न्यायालयाच्या कागदावर पाहावे लागले. गोखल्यांच्या पत्रलेखकांनी कशाला भ्यावे, याचे उत्तर येथे मिळते.

येथवर घर झाले. आता फोन.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि मुंबई हे त्यातील पहिल्या शहरांपैकी होते. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० साली आला. त्यात २००८ च्या डिसेंबरात, मुंबईवरील हल्ल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मोठी दुरुस्ती झाली. लोकसभेत ती चर्चेविना संमत झाली. या एकाच दुरुस्तीतून दोन कलमे निघाली. एका कलमाने दुसऱ्याच्या देहाची खासगी छायाचित्रे परवानगीवाचून टिपणे वा पसरविणे हा गुन्हा ठरविला, आणि ते योग्यच झाले. दुसरे कलम ६६-अ. संगणकावरून वा फोनवरून कोणाला त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर पाठविल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास म्हणजे काय, हे कोठेही सांगितले नव्हते. चार कलमांच्या त्या जुन्या कायद्याची येथे आठवण व्हावी.

हे कलम कोठे येऊन आदळले ते आपण सर्व जाणतो. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचे सर्व व्यवहार बंद होते. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर या बंदविषयी चार ओळी लिहिल्या. दुकाने आदराने मिटली की भीतीने, असा त्यांचा रोख होता. तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण केली. एवढ्यावरून जमाव जमला, तिच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली, आणि पोलिसांनी दोन्ही मुलींना अटक केली. प्रत्येकी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. नंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटलाही मागे पडला.

या घटनेकडे बहुधा भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहिले जाते. दिल्लीच्या एका तरुणीने लगोलग सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. त्या अर्थाने पालघरचे नाव देशाच्या कायद्याच्या इतिहासात कायमचे राहील. (रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस नंतरही गुन्हे नोंदवीत राहिले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयाला पुन्हा तसे करू नका म्हणून सांगावे लागले, ही आपल्याकडची आणखी एक तऱ्हा.) पण आम्हांस यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलीने आपल्या समजुतीप्रमाणे ओटीवर बसून ओळखीच्यांशी दोन शब्द बोलावे तसे लिहिले. फेसबुकने तिला ओटी दिल्यासारखे दाखविले होते, तेथे मित्र होते, त्यांची नावे होती. प्रत्यक्षात ती जागा भर बाजारात होती आणि ते तिला भिंती असलेल्या घरासारखे वाटत होते. जुन्या घरात आवाज कोठवर जातो हे माणसाला कानांनी कळे. येथे कळण्याचा मार्गच नाही. आणि पुढे तिने काय केले? माफी मागितली, खाते बंद केले. म्हणजे पुन्हा तेच: ज्याचे माजघर फुटले त्याने गप्प बसावे.

याच सुमारास दुसरीकडे एक मोठा वाद चालला होता, आणि त्याचेही मूळ महाराष्ट्रातच सापडते. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांची नोंद हा त्याचा आधार. यामागचा हेतू शिधा आणि पेन्शन खऱ्या माणसाच्या हाती पडावे हा होता. परंतु हा संग्रह कायद्यावाचून सुरू झाला, आणि आधारचा कायदा आला तो २०१६ साली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ साली याविरुद्ध दाद मागितली. सुनावणीत सरकारपक्षाने जुन्या निर्णयांचा हवाला देऊन सांगितले की खासगीपणा हा मुळी मूलभूत हक्कच नाही. महाराष्ट्र शासनाच्या वकिलांनीही हीच बाजू मांडली, आणि घटना समितीने ही कलमे नाकारली होती याचा आधार घेतला. ज्या प्रांतातून आंबेडकर आले, त्याच प्रांताच्या सरकारने त्यांच्या पडलेल्या सूचनेचे असे भांडवल करावे, हे आम्हांस रुचले नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. त्यात त्यांनी आणीबाणीतील १९७६ चा जो कुप्रसिद्ध निर्णय चुकीचा म्हणून मोडीत काढला, त्यावर त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड यांची सही होती. पुत्राने पित्याचे मत खोडावे आणि ते न्यायासनावरून खोडावे, असा प्रसंग वारंवार येत नाही. या निर्णयाने सरकारचा हात बांधून टाकला असे मात्र नाही. कायदा असेल, हेतू योग्य असेल आणि उपाय गरजेपुरता असेल, तर उंबरठा ओलांडता येतो. या कसोटीचा प्रत्यक्ष उपयोग मुंबई उच्च न्यायालयात २२ ऑक्टोबर २०१९ रोजी झाला. एका व्यावसायिकाचा फोन चोरून ऐकण्याचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले आणि जमविलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करावयास सांगितली. तारायंत्राच्या १८८५ च्या कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोनच कारणांनी संभाषण ऐकण्याची मुभा होती, आणि येथे त्यांतले एकही नव्हते. साहेबाच्या काळातला कायदाही नीट वाचला तर उपयोगी पडतो, असे यावरून दिसते.

पुढच्याच वर्षी साथ आली, आणि तिच्याबरोबर १८९७ चा तो चार कलमांचा कायदा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने तोच लागू केला. घरी अलग राहावयास सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारण्याचे ठरले. १८ मार्च रोजी मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत चार प्रवाशांच्या हातावर हे शिक्के सहप्रवाशांना दिसले. तपासनिसाला वर्दी गेली आणि पालघर स्थानकात गाडी थांबवून चौघांना उतरविण्यात आले. ते परदेशातून आले होते, घरी थांबणे त्यांचे कर्तव्य होते, आणि डब्यातील लोकांची भीती काही खोटी नव्हती. आम्ही त्या डब्यात असतो तर आम्हीही तपासनिसाला हाक मारली असती. तरी माणसाच्या प्रकृतीची बातमी त्याच्या कातडीवर छापून ती साऱ्या डब्याला वाचावयास देणे, यात १८९७ ची छाया आम्हांस दिसली. शाई निदान पुसली गेली. त्याच वर्षी २ एप्रिलला आरोग्य सेतू नावाची सोय फोनवर आली, ती माणूस कोठे गेला आणि कोणाजवळ उभा राहिला याची नोंद ठेवी. अशी नोंद १८० दिवसांपलीकडे ठेवू नये असा नियम मे महिन्यात झाला. म्हणजे आधी शिरकाव आणि मागाहून मुदत. मुदत तरी लिहिली गेली, हे १८९७ च्या मानाने पुढचे पाऊल म्हणावे लागेल.

एक आडवा प्रश्न येथे टाळता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, अशाच अफवांच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. व्हॉट्सॲपवरील पत्र पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. मग अफवेचे मूळ शोधावयाचे कसे? सरकारने २०२१ च्या नियमांत मोठ्या कंपन्यांना आज्ञा केली की न्यायालयाचा वा सक्षम अधिकाऱ्याचा हुकूम आल्यास निरोपाचा पहिला पाठविणारा सांगावा. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाचा माग काढता यावा म्हणून सर्वांच्या पत्रांना खूण करावी लागेल, असे तिचे म्हणणे. राईनपाड्याच्या पाच घरांसमोर उभे राहून खासगीपणाचे व्याख्यान देणे सोपे नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु तेथील जमाव डोळ्यांदेखत जमला होता, आणि कित्येकांच्या हाती फोन होते. जे उघड घडत होते ते वेळेवर थांबले नाही. त्यावर सर्वांची बंद पाकिटे फोडणे हा उपाय आम्हांस पटत नाही. त्याच्या मानाने एक निरोप एका वेळी पाचांहून अधिकांना पाठविता येऊ नये, ही २०१८ ची साधी युक्ती आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. तिला कोणाचे पत्र वाचावे लागत नाही.

आता सरकारच्या जोडीला दुसरा पाहुणा आला आहे, तो म्हणजे दुकानदार. टॉर्चसाठी घेतलेली एखादी सोय आपल्या ओळखीच्यांची यादी मागते, कर्ज देणारी सोय छायाचित्रे मागते, आणि आपण ‘मान्य’ म्हणून बोट टेकवितो. बोट टेकविण्यापूर्वी काय लिहिले आहे ते वाचतो असे सांगणारा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाही. आम्हीही वाचत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये यासाठी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. त्यांतील बहुतेक भाग टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचा आहे. माहिती कशासाठी हवी ते साध्या भाषेत सांगावे, काम झाले की ती पुसावी, आणि कसूर केल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड, या त्यातल्या चांगल्या गोष्टी. आपली सूचना मराठीत मागण्याचाही त्यात अधिकार आहे, तो बजावावा. मात्र केंद्र सरकार आपल्या हव्या त्या खात्याला या कायद्यातून वगळू शकते, आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातील एक दारही याच कायद्याने अरुंद केले आहे. दुकानदारासाठी कुलूप आणि धन्यासाठी मोकळीक, अशी ही वाटणी आहे. खासगीचा पेशवाईतील अर्थ अजून पुरता गेलेला नाही.

परवा विरारला एका स्नेह्याकडे जाण्याचा योग आला. इमारतीच्या फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. नाव, फोन क्रमांक, कोणाकडे, किती वाजता. आमच्या आधी आलेल्या माणसांच्या नोंदी वरच होत्या, आणि लिहिता लिहिता आम्ही त्या वाचल्या. तिसऱ्या मजल्यावरील एका घरी त्या आठवड्यात तीन वेळा डॉक्टर येऊन गेले होते. नव्या कायद्याप्रमाणे या वहीला काही बंधन नाही, कारण तो फक्त संगणकात उतरलेल्या माहितीला लागू आहे. हीच नोंद फोनमध्ये केली असती तर मात्र तो लागू झाला असता. आम्ही रखवालदाराला म्हटले, “मामा, नंबर लिहिलाच पाहिजे का?” तो म्हणाला, “साहेब, मला विचारू नका. सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, मी लिहून घेतो.” वही संपल्यावर ती कोठे जाते, असे आम्ही पुढे विचारले. जुन्या वह्या पंपाच्या खोलीत आहेत, असे त्याने सांगितले. त्या खोलीला कुलूप नव्हते.